घरचा ग्रुप फोटो आणि एकच फ्लॅश

ज्याच्याकडे कॅमेरा आहे त्याच्यावर सुट्टीत घरी गेल्यावर एक काम हमखास येतं. 'सगळ्यांचा एक फोटो काढ रे!' काका-काकू, आत्या, आजी-आजोबा आणि मांडीवर न टिकणारं एखादं पोर, सगळे दहा बाय बाराच्या हॉलमध्ये. वर एक ट्यूबलाइट. मग आपण लाइट शोधायला लागतो आणि स्वस्तातलं 'किट' समोर येतं: दोन सॉफ्टबॉक्स, दोन स्टँड, दोन बल्ब, सगळं एका पिशवीत. ते घेण्याआधी हा लेख वाचा, एवढीच विनंती.

विषय हलकाफुलका वाटेल. पण घराघरांतले हार घातलेले फोटो जरा जवळ जाऊन बघा. बरेचसे कुणाच्या तरी लग्नाच्या ग्रुपमधून कापून मोठे केलेले असतात. खांद्यावर दुसऱ्या कुणाचा तरी अर्धा हात, चष्म्यावर पांढरा डाग. आजीचा एक धड फोटो काढायचा राहूनच जातो, आणि शोधाशोध सुरू होते तेव्हा उशीर झालेला असतो.

आता मुद्द्यावर येऊ. कॅमेऱ्याला किती वॅट मिळाले यापेक्षा शटर उघडं असताना किती ऊर्जा मिळाली हे महत्त्वाचं. ६० वॅटचा एलईडी १/६० सेकंदात वापरतो फक्त १ ज्यूल. (खोक्यावरचे वॅट कधीकधी 'समतुल्य' असतात, खरे नव्हे, तेही बघून घ्या.) कॅमेऱ्यावर बसणाऱ्या फ्लॅशमध्ये समजा १३०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ३२० व्होल्टला चार्ज झालाय. फर्स्ट इयरचं सूत्र, अर्धा सी व्ही वर्ग: साधारण ६६ ज्यूल! एलईडी जास्त कार्यक्षम म्हणून त्याला तिप्पट मार्क दिले तरी फरक वीसपटीच्या वर राहतो. तो भरून काढायला शटर लांबवलं तर पोर हलतं, आयएसओ वाढवला तर फोटोत दाणे येतात. म्हणून घरच्या ग्रुपसाठी फ्लॅशच घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी भानगड सॉफ्टबॉक्सची. चेहऱ्यावरून बघताना प्रकाशाचा स्रोत जितका मोठा दिसेल तितक्या सावल्या मऊ पडतात. म्हणजे छोटा सॉफ्टबॉक्स जवळ आणायला हवा. पण इथे व्यस्त वर्गाचा नियम आडवा येतो. लाइट पुढच्या रांगेपासून १ मीटरवर आणि मागच्या रांगेपासून २ मीटरवर असेल, तर मागच्यांना चौथा हिस्सा प्रकाश मिळतो. आजी पांढरीफटक, मागे उभा काका काळवंडलेला. तोच लाइट ३ आणि ४ मीटरवर नेला तर फरक जेमतेम पावणेदोनपट उरतो, पण मग सॉफ्टबॉक्स काडेपेटीएवढा भासतो आणि सावल्या टोकदार होतात. एकट्याच्या पोर्ट्रेटला हा प्रश्न येत नाही, ग्रुपला येतोच.

म्हणजे स्रोत लांबही हवा आणि मोठाही हवा. असा सॉफ्टबॉक्स प्रत्येक घरात फुकट असतो: पांढरं छत. फ्लॅशचं तोंड वर आणि थोडं आपल्या मागच्या बाजूला वळवायचं, म्हणजे छत आणि मागची भिंत मिळून एक प्रचंड मोठा लाइट तयार होतो. चष्म्यावरचा डागही बहुतेक वेळा जातो, कारण छतावरून आलेला प्रकाश काचेवरून परावर्तित होऊन लेन्सकडे न येता खाली जातो.

त्यामुळे फ्लॅश घेताना पहिली अट म्हणजे डोकं वर-खाली आणि आडवंही फिरलं पाहिजे. दुसरी, पॉवर हाताने कमी-जास्त करता आली पाहिजे. तिसरा गाईड नंबर, आणि यात फसगत फार. खोक्यावर ६० लिहिलेलं असतं, पण ते बहुधा २०० मिमी झूमला. ३५ मिमीला तो जवळपास निम्म्यावर येतो. ३६ धरू. आयएसओ ४०० ला तो दुप्पट, ७२. छतावरून फिरून येणारं अंतर ५ मीटर, म्हणून ७२ भागिले ५, सुमारे एफ/१४. छत दोन-तीन स्टॉप खातं, म्हणजे हातात उरतो एफ/५ ते एफ/७. दोन रांगांना एफ/५.६ चालतो. शटर १/१२५ ठेवा. सिंक स्पीडच्या पुढे गेलात तर फोटोत काळा पट्टा येतो.

छताचा एक तोटा आहे, डोळ्यांखाली सावली पडते. त्यावर उपाय म्हणजे ग्रुपच्या पुढ्यात, फ्रेमच्या बाहेर, जमिनीवर पांढरी चादर अंथरा. एकट्या आजीचा फोटो असेल तर ड्रॉइंगची कोरी शीट तिच्या मांडीवर ठेवली तरी पुरते (तेवढाच त्या शीटचा खरा उपयोग). भिंती पिस्ता किंवा गुलाबी असतील तर त्यांच्याकडे फ्लॅश वळवू नका, चेहरे त्याच रंगाचे होतात. पिवळे बल्ब बंद करा. फ्लॅश साधारण ५५०० केल्विनचा आणि पिवळा बल्ब २७०० चा, दोघांचं जमत नाही.

छत लाकडी किंवा कौलारू असेल तर मात्र वायरलेस ट्रिगर, एक स्टँड आणि ४३ इंची पांढरी छत्री घ्या, तीही जरा लांब आणि उंच लावा. दुसरा फ्लॅश वर्षभर तरी नको. फोनवाल्यांनी दिवसा मोठ्या खिडकीसमोर सगळ्यांना बसवावं आणि पैसे वाचवावेत.

जुन्या बाजारातला फिल्मच्या काळचा फ्लॅश मिळाला तर कॅमेऱ्यावर चढवण्याआधी त्याच्या ट्रिगरच्या टोकांवर मल्टिमीटर लावा. काहींवर दोनशेच्या वर व्होल्ट असतात, डिजिटल कॅमेऱ्याचं सर्किट जाऊ शकतं. आणि इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनो, फ्लॅश उघडून बघू नका. बंद केल्यावरही कपॅसिटर चार्ज धरून असतो.

सेल रिचार्जेबल, निकेल मेटल हायड्राइडचे घ्या, आठ तरी. आदल्या रात्री चार्ज करा. प्रत्येक फुल पॉवर फ्लॅशनंतर तीन-चार सेकंद थांबावं लागतं, तेवढ्यात कुणीतरी उठून चहा ठेवायला जातं, तिला आधीच सांगून ठेवा. दहा तरी फोटो काढा, कुणाचे ना कुणाचे डोळे मिटलेलेच असतात. शेवटचे दोन सेल्फ टायमरवर, म्हणजे तुम्हीही त्यात याल.