मक्याच्या कापण्या

आषाढ महिना लागला, की आमच्या कोल्हार गावात घरोघर कढया चुलीवर चढत. बाहेर पावसाची झड लागलेली असावी, अंगणात पाणी साचलेले असावे आणि स्वयंपाकघरातून तळणाचा खमंग वास यावा, हे त्या महिन्याचे आम्हां मुलांना ठाऊक असलेले रूप होते. या प्रथेला आमच्याकडे 'आखाड तळणे' असे म्हणतात. आषाढाचेच बोलीतील नाव आखाड. या महिन्यात एखाद्या मंगळवारी किंवा शुक्रवारी देवीला तळणाचा नैवेद्य दाखवावयाचा, मग तो शेजारीपाजारी वाटावयाचा, अशी रीत आहे. तळणात मुख्य मान कापण्यांचा. गुळाच्या पाण्यात गव्हाची कणीक घट्ट भिजवावयाची, तिची जाड पोळी लाटून तिच्यावर तीळ किंवा खसखस पेरावयाची आणि सुरीने शंकरपाळ्याच्या आकाराचे तुकडे कापून ते तळावयाचे. कापून केलेल्या, म्हणून त्या कापण्या.

कोल्हार हे प्रवरा नदीच्या काठचे गाव. नगरहून मनमाडकडे जाणारा रस्ता येथे नदी ओलांडतो. गावात भगवतीदेवीचे मंदिर आहे. वर सह्याद्रीत, भंडारदरा येथे, प्रवरेवर बांधलेले धरण १९२६ साली पूर्ण झाले आणि त्याच्या कालव्यांनी या भागाला ऊस दिला. जवळच लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने व अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाने शेतकऱ्यांनी सहकारी साखर कारखाना उभारला. त्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ सालचा. असे हे गोडाचे माहेरघर. परंतु मुलांनो, कालव्याचे पाणी सर्वांच्याच शेतात जात नाही. आमची जमीन माळावरची, जिरायत होती. आकाशातून पडेल तेवढेच पाणी तिच्या वाट्याचे.

१९७२ साली तेही पडले नाही. आदल्या वर्षीही पाऊस उणाच होता. आषाढ आला, ढग आले आणि वाऱ्याबरोबर निघून गेले. विहिरी आटल्या. पेरलेले बी मातीतच करपले. महाराष्ट्रभर लक्षावधी माणसे दुष्काळी कामांवर जाऊ लागली. कोठे पाझर तलाव खोदले जात होते, कोठे रस्त्यासाठी खडी फोडली जात होती. आमचे दादा आणि आई दोघेही खडी फोडावयास जात. कामावर मजुरांना सुकडी मिळे. शिधापत्रिकेवर परदेशातून आलेली मिलो नावाची तांबडी ज्वारी मिळे. तिची भाकरी मुकाट्याने खाण्याची आम्हांला सवय झाली होती. गव्हाचे दर्शन मात्र दुर्मीळ झाले होते.

अशा त्या आषाढात एके दिवशी मामांनी अर्धे पोते मका आणि गुळाची एक लहान ढेप पाठवली. मामांचे शेत कालव्याखाली होते. बैलांच्या वैरणीसाठी ते बांधाच्या कडेने मका लावीत. त्याची काही कणसे पिकवून त्यांनी ते दाणे ठेवले होते. दाणे पाहताच आई म्हणाली, "या शुक्रवारी आपण आखाड तळू."

"कशाच्या कापण्या करणार?" धाकट्या बहिणीने विचारले.

"मक्याच्या," आई म्हणाली.

मी त्या वेळी सातवीत होतो. मका म्हणजे गुरांचे खाणे, एवढेच मला माहीत होते. मी काही बोललो नाही, पण मनात म्हणालो, की आता आपल्यावर ही वेळ आली!

आईने दाणे जात्यावर दळले, पीठ बारीक चाळणीने चाळले आणि नेहमीच्या रीतीने थंड पाण्यात भिजवले. पण पीठ एकत्र येईना. पोळी लाटू गेली तर कडा फाटत. कसेबसे चार तुकडे कढईत सोडले, तर ते तेलात विरघळल्यासारखे फुटले आणि त्यांचा भुगा तळाशी बसला. घरात तेल पळीभरच होते. आई क्षणभर स्तब्ध राहिली. मग तिने झाऱ्याने तो भुगा काळजीपूर्वक निथळून एका वाटीत काढून ठेवला, कढई खाली उतरवली आणि ती विचार करीत बसली.

थोड्या वेळाने ती उठली. तिने पेलाभर पाणी उकळत ठेवले. त्यात गुळाचा लहानसा खडा व चिमूटभर मीठ टाकले. पाण्याला उकळी येताच त्यात थोडे थोडे मक्याचे पीठ घालून ते उलथन्याने हालवले आणि झाकण ठेवून त्याला दम दिला. अर्ध्या घटकेने त्या कोमट उकडीत डब्याच्या तळाशी उरलेली मूठभर कणीक व चमचाभर तीळ मिसळून तिने ती तळहाताने खूप मळली. आता पीठ लोण्यासारखे मऊ आले. लाटण्याऐवजी तिने ओल्या फडक्यावर ते हाताने थापले आणि सुरीने बोराएवढे चिमुकले तुकडे कापले.

"एवढ्या लहान कशाला?" मी विचारले.

"तेल थोडे आहे. लहान तुकडा थोड्या तेलात बुडतो आणि आतपर्यंत शिजतो," आई म्हणाली. "शिवाय एक मोठी कापणी दिली तर मुलाला वाटते, एकच मिळाली. लहान दिल्या की ओंजळ भरते."

कापण्या मंद आचेवर तांबूस तळून निघाल्या. मग तिने उरलेल्या गुळात थोडे पाणी घालून पाक केला. त्याचा थेंब गार पाण्यात टाकून पाहिला. त्याची मऊ गोळी झाली, तेव्हा पातेले खाली उतरवून तिने सर्व कापण्या त्यात घोळल्या आणि ताटात सुट्या पसरल्या. निवता निवता त्या सोन्यासारख्या चकाकू लागल्या.

"गूळ पिठातच का नाही घातलास?" बहिणीने विचारले.

आई हसून म्हणाली, "एवढासा गूळ पिठात घातला तर हरवून जाईल. वरून लावला तर जिभेला आधी भेटेल."

देवीला नैवेद्य दाखवून झाल्यावर तिने वाटण्या केल्या. आमच्या प्रत्येकाच्या हातावर कापण्या ठेवल्या. दादांसाठी आणि खडीवर तिच्या शेजारी बसणाऱ्या एका निराधार म्हाताऱ्या बाईसाठी पुरचुंडी बांधली. मी मात्र माझ्या वाट्याच्या तिथेच ठेवल्या आणि म्हणालो, "मला नकोत. हे गुरांचे खाणे आहे."

आई काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत निघताना तिने त्याच कापण्या कागदात बांधून माझ्या दप्तरात ठेवल्या.

मधल्या सुट्टीत मी वर्गाच्या कोपऱ्यात पाठ फिरवून बसलो होतो. गुरुजींचे लक्ष गेले. त्यांनी जवळ येऊन विचारले, "काय रे, कशाचा खाऊ आणला आहेस?"

"मक्याच्या कापण्या, गुरुजी," मी खाली मान घालून म्हणालो. दोनतीन मुले हसली.

गुरुजींनी एक कापणी उचलून तोंडात टाकली. तिचा कुरकुर असा आवाज झाला. ते म्हणाले, "मी मक्याची कापणी जन्मात पहिल्यांदा खाल्ली. तुझ्या आईने हे पीठ बांधले तरी कसे?" मला उत्तर देता आले नाही. सुट्टी संपल्यावर त्यांनी भिंतीवर जगाचा नकाशा टांगला आणि भूगोलाचा तास मक्यावर घेतला. मका हा मूळचा अमेरिका खंडातला. १४९२ साली कोलंबस तेथे पोचला. त्यानंतर मका युरोपात गेला आणि पोर्तुगीज व्यापाऱ्यांच्या काळात तो आपल्या देशात रुजला. पंजाबातील शेतकरी मक्याची रोटी आवडीने खातो, आपल्या सातपुड्यातील आदिवासी बांधव मक्याची भाकरी खातात, हेही त्यांनी सांगितले. शेवटी ते मला म्हणाले, "उद्या आईला विचारून ये आणि ती रीत वर्गाला सांग."

मी सायंकाळी घरी आलो. आई नुकतीच कामावरून येऊन चुलीपुढे बसली होती. तिच्या पुढ्यात कालची ती वाटी होती. पहिल्या घाण्याचा जो भुगा झाला होता, तो ती भाकरीशी खात होती. तेव्हा माझ्या ध्यानात आले, की काल तिने सर्वांच्या वाटण्या केल्या, पण स्वतःची वाटणी केलीच नव्हती. माझा कंठ दाटून आला. क्षमा मागण्याचे शब्द मला सुचले नाहीत. मी तिच्याजवळ बसलो, कागदात उरलेल्या दोन कापण्या तिच्या हातावर ठेवल्या आणि विचारले, "आई, तू ते पीठ बांधलेस कसे?"

ती म्हणाली, "बाळा, कुठलेच पीठ वाईट नसते. प्रत्येकाची रीत वेगळी असते. ती सापडेपर्यंत धीर धरावा लागतो."

आईच्या या वाक्याचा पुरता अर्थ मला पुढे, शिक्षक झाल्यावर, पुस्तके वाचताना कळला. गव्हाच्या पिठात पाणी घालून ते मळले, की त्यातील प्रथिनांचे चिवट जाळे तयार होते. त्यास ग्लूटेन म्हणतात. मक्यात ते नाही. म्हणून थंड पाण्यात त्याचे पीठ सुटते. परंतु उकळते पाणी मिळाले, की मक्यातील पिष्ट फुगते, चिकट होते आणि तेच पिठाला बांधून ठेवते. तळताना जे बुडबुडे उठतात ते तेलाचे नसून पिठातून निघणाऱ्या पाण्याच्या वाफेचे असतात. ते मंदावले, की कापणी तयार झाली असे समजावे. तेल फार कडक असेल तर गुळामुळे वरून लवकर काळे होते आणि आत कच्चे राहते. थंड असेल तर कापणी तेल पिते. पाकाचेही असेच. तो कच्चा राहिला तर कापण्या ओलसर होऊन मऊ पडतात. फार पुढे गेला तर चिक्कीसारखा कडक होऊन दाताला झोंबतो.

अमेरिकेतील मूळ रहिवाशांनी सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी, आजच्या मेक्सिकोच्या भूमीत, एका रानगवतापासून मका घडवला. पुढे ते लोक मक्याचे दाणे चुन्याच्या किंवा राखेच्या पाण्यात शिजवून मगच वाटू लागले. मका युरोपात गेला, पण ही रीत त्याच्याबरोबर गेली नाही. परिणामी जेथे गरीब माणसे केवळ मक्यावर जगू लागली, तेथे पेलाग्रा नावाचा भयंकर रोग पसरला. इटलीत तो शतकभराहून अधिक काळ होता. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिण भागातही त्याने हजारो बळी घेतले. हा रोग जंतूंमुळे नव्हे, तर आहारातील उणिवेमुळे होतो, हे डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी दाखवून दिले. ती उणीव नायसिन या जीवनसत्त्वाची आहे, हे १९३७ साली उघड झाले. मक्यातील नायसिन चुन्याच्या पाण्यात शिजवल्यावरच शरीराला मिळते. म्हणजे धान्य घेतले आणि त्याची रीत मागेच राहिली, त्याची ही शिक्षा होती. मक्याबरोबर डाळ, दूध, भाजी खाणाऱ्यास हे भय नाही. त्याच दक्षिण अमेरिकी राज्यांत मक्याच्या पिठाचे लहान गोळे तळून आजही आवडीने खातात. त्यांना 'हश पपी' म्हणतात. आईच्या कापण्यांची ती दूरची भावंडेच म्हणावयाची.

तो दुष्काळ सरला. हाताला काम मागण्याचा हक्क देणारा रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राने १९७७ साली केला. माळावरच्या आमच्या शेतातही पुढे विहिरीला पाणी लागले. आज घरी गव्हाला तोटा नाही. आई आता नाही. तरीही दरवर्षी आषाढातल्या एका शुक्रवारी आमच्या घरी कापण्यांचा एक घाणा मक्याचा होतो. बोराएवढ्या, पाकात घोळलेल्या त्या कापण्या नातवंडांच्या ओंजळीत घालण्यापूर्वी मी एक वाटणी आधी बाजूला काढतो. ती असते तळणाऱ्या हातांची.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'आखाड तळणे' म्हणजे काय?
(आ) मामांनी मका कशासाठी लावला होता?
(इ) आईने कापण्या लहान का केल्या?

२. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) आईचा पहिला घाणा का फसला? दुसऱ्या वेळी तिने काय बदल केला?
(आ) "कुठलेच पीठ वाईट नसते," हे आईचे म्हणणे पेलाग्राच्या हकिकतीने कसे पटते?
(इ) लेखकाने आईची क्षमा कशी मागितली, असे तुम्हांला वाटते?

३. पुढील शब्दांचा व वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
जिरायत, पुरचुंडी, घाणा, दम देणे, कंठ दाटून येणे, ध्यानात येणे.

४. "गव्हाचे दर्शन मात्र दुर्मीळ झाले होते." या वाक्याचा काळ ओळखा व ते वर्तमानकाळात लिहा.

५. उपक्रम : तुमच्या घरातील वडीलधाऱ्या माणसांना टंचाईच्या काळातील एखाद्या पदार्थाची रीत विचारा. ती कृती क्रमवार लिहून वर्गात वाचून दाखवा.