दिसत नाही, तर सांगा

आभाळ केवढे मोठे! तिथे दोन विमाने एकमेकांवर कशी आदळतील, असे आपल्याला वाटते. पण तसे घडते. विमानतळाजवळ चढणारी आणि उतरणारी विमाने एका जागी गोळा होतात. बाजाराच्या दिवशी वेशीत गाड्यांची दाटी होते ना, तसेच ते. त्यातून मोठे विमान वेगवान आणि लहान विमान हळू. वरून पाहणाऱ्याला लहान विमान खालच्या घरांच्या गर्दीत चटकन दिसत नाही.

२५ सप्टेंबर १९७८ ची गोष्ट ऐका. अमेरिकेत सॅन डिएगो नावाचे शहर आहे. सकाळचे नऊ वाजले होते. आभाळ स्वच्छ होते. एक मोठे प्रवासी विमान उतरायला येत होते. त्यात १३५ माणसे होती. त्याच्या पुढे, थोडे खाली, एक लहान सेसना विमान चालले होते. त्यात दोघेच. एक शिकणारा, एक शिकविणारा.

जमिनीवरून विमानांना वाट सांगणाऱ्या माणसाला नियंत्रक म्हणतात. नियंत्रकाने रेडिओवरून मोठ्या विमानाला सांगितले, "पुढे लहान विमान आहे." उत्तर आले, "दिसले." मग लहान विमानाला कळविले, "मागे मोठे विमान आहे. तुम्ही त्यांना दिसता आहात." सगळे निर्धास्त झाले.

पण पुढे ते लहान विमान दिसेनासे झाले. "आता मागे पडले असेल," असे मोठ्या विमानाचे चालक आपसात म्हणाले. "दिसत नाही," असे नियंत्रकाला त्यांनी स्पष्ट सांगितले नाही. लहान विमानानेही आपली दिशा बदलली, पण कळविली नाही. नियंत्रण केंद्रात धोक्याची सूचना वाजली. पण त्यांना दिसतेच आहे, असे समजून कोणी काही केले नाही. काही क्षणांत टक्कर झाली. दोन्ही विमानांतले सगळे आणि जमिनीवरचे ७ जण, मिळून १४४ माणसे गेली.

१९८६ साली त्याच कॅलिफोर्निया राज्यात, सेरिटोस येथे, पुन्हा मोठ्या व लहान विमानाची टक्कर झाली. ८२ माणसे गेली. मग मोठ्या प्रवासी विमानांत टक्कर टाळणारे यंत्र बसवावे, असा अमेरिकेत कायदा झाला. हे यंत्र आसपासच्या विमानांना बिनतारी हाक घालते. त्या विमानातले यंत्र ओ देते आणि आपली उंची सांगते. विमान फार जवळ आले, तर "वर चढा" किंवा "खाली उतरा" असे यंत्रच चालकाला बोलून सांगते. पण लहान विमानात ओ देणारे यंत्र नसेल किंवा ते बंद असेल, तर? रात्री कंदील न लावता निघालेली बैलगाडी मोटारवाल्याला कशी दिसणार?

यंत्र आले, तरी माणसाचे बोलणे हवेच. मी वर्गात विचारी, "समजले का?" सगळी मुले "हो" म्हणत. न समजलेलाही "हो" म्हणे. त्याला वाटे, नाही म्हणण्यात कमीपणा आहे. मंडळी, त्यात कमीपणा नाही. दिसत नसेल, तर दिसत नाही म्हणावे. "असेल" म्हणून गप्प बसू नये.

प्रश्न
१. नियंत्रक कोणाला म्हणतात?
२. मोठ्या विमानाच्या चालकांनी काय सांगायला हवे होते?
३. न समजता तुम्ही कधी "हो" म्हणालात का? त्याने काय झाले, ते चार ओळींत लिहा.