बुडबुडे चालू आहेत, बाळाचं काय?

पोरी, बबल सीपॅपवरचं बाळ पहिल्यांदा तुझ्या हाती येईल तेव्हा मशीनचं दडपण घेऊ नकोस. कोमट, ओलसर हवा नाकातून आत जाते, आणि दुसऱ्या नळीचं टोक पाण्यात बुडलेलं असतं. ५ सेंटीमीटर बुडवलीस की ५ सेंटीमीटरचा दाब. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या फुप्फुसातले हवेचे कप्पे श्वास सोडताना मिटतात, ते या दाबाने उघडे राहतात. १९७१ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉ. ग्रेगरींनी अशा दाबाने बाळं वाचतात हे दाखवून दिलं. श्वास मात्र बाळच घेतं, म्हणून बघायचं बाळाकडे.

बुडबुडे थांबले तर हवा कुठेतरी गळतेय. नाकात बसवलेला प्रॉन्ग निसटलाय का, तोंड उघडं आहे का, सांधे ढिले आहेत का, पाणी कमी झालंय का, सगळं बघ. हे कुणीही शिकवेल. पण बुडबुडे छान चालू आहेत आणि तरी बाळ कण्हतंय, बरगड्या आत ओढल्या जातायत, तेव्हा फसायला होतं. नाक शेंबडाने बंद असलं तरी पाणी बुडबुडतच राहतं गं! स्टेथोस्कोप लाव, छातीत दोन्हीकडे हवा पोचतेय का ऐक. नाक हलक्या हाताने साफ कर.

आणि त्या नाकाला जप. प्रॉन्ग नाकपुडी भरेल असा घे, पण कातडी पांढरी पडता कामा नये. नाजूक दिसतो म्हणून लहान घातलास तर हवाही गळते आणि तो हलून घासतोही. मधल्या पडद्याला कधीच टेकू देऊ नकोस, दोनेक मिलिमीटर जागा ठेव. लाली दिसली की तेव्हाच सांग. एकदा पडदा झिजला की नाकाचा आकार जन्मभर बिघडू शकतो.

पोटात हवा जातेच. तोंडातून घातलेली नळी दोन दुधांच्या मधे उघडी ठेव. नळ्यांत साचलेलं पाणी काढत जा. प्राणवायू चालू असताना रक्तातला ऑक्सिजन ९० ते ९५ टक्क्यांच्या मधे हवा. १०० दिसलं म्हणून खूश होऊ नकोस, जास्तीचा प्राणवायू डोळ्यांच्या पडद्याला बाधतो.

आई घाबरून लांब उभी राहील. बाळ स्थिर असेल तर नळ्या नीट धरून तिच्या छातीवर दे, सीपॅपवरही कांगारू देता येतं.

प्राणवायू वाढवतच न्यावा लागतोय किंवा श्वास मधेच थांबतोय असं दिसलं, तर रात्रीचे तीन वाजले असले तरी डॉक्टरांना उठव.