भाषणातली ती हकिकत काढून टाक

चि. मुक्ता हिस,


तुझ्या भाषणाचा मसुदा वाचला. मुलांच्या मानसिक आरोग्यावर बोलायला तुला मुख्याध्यापकांच्या सभेत बोलावलं, याचा फार आनंद झाला. पण सुरुवातीला सातवीतल्या मुलाची जी हकिकत घातली आहेस, ती काढून टाक. नाव बदललंस, पण वडील ऊसतोडीला जातात, आई वारली, शाळा नदीपलीकडची, हे सगळं तसंच आहे. तालुक्यात एवढ्यावर पोर ओळखायला कितीसा वेळ लागतो? सभेत चार जण डोळे पुसतील आणि दुसऱ्या दिवशी त्याला त्याच बाकावर बसायचं आहे.

या कामातला सगळ्यात मोठा मोह हाच गं. लोक ऐकत नाहीत, म्हणून आपण एखाद्या लेकराचं दुःख पुढे करतो. त्याने ‘सांगा ना ताई’ म्हटलं तरी, वीस वर्षांनी आपल्याला काय वाटेल हे बारा वर्षांच्या पोराला आज कसं कळावं? उपचार घेणाऱ्याची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दिला आहे. तुझं भाषण त्या कायद्यात बसतं की नाही, या वादात शिरू नकोस. कायद्यात नसता, तरी मी तुला हेच लिहिलं असतं.

मग बोलायचं कशावर? जे सगळ्यांचं आहे त्यावर. निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत १३ ते १७ वयाच्या ७.३ टक्के मुलांना मानसिक आजार आढळले. म्हणजे साठांच्या वर्गात चार. महाराष्ट्र त्या पाहणीत नव्हता, हेही स्वच्छ सांग. एवढं ऐकल्यावर प्रत्येक मुख्याध्यापक मनातल्या मनात आपल्याच शाळेतली चार तोंडं शोधू लागतो. त्यासाठी कुणाचं नाव, गाव लागत नाही.

‘ही नवी फॅडं’ असं कुणीतरी म्हणेलच. त्यांना सांग, मुंबईत टाटांच्या समाजकार्य शिक्षणसंस्थेने बालमार्गदर्शन केंद्र १९३७ साली काढलं होतं. मग शिक्षण हक्क कायद्याचं १७ वं कलम वाचून दाखव. छडी बंद झाल्याचं सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच कलमात मानसिक छळालाही बंदी आहे, हे फारसं कुणी लक्षात ठेवत नाही. ‘ढ’ म्हणून मागे बसवणं, गुण मोठ्याने वाचून हसं करणं, यावर रेंगाळ. इथे शिक्षक अस्वस्थ होतात. होऊ देत, पण त्यांना आरोपी करू नकोस. जनगणनेपासून निवडणुकीपर्यंतची कामं त्यांच्याच डोक्यावर आहेत.

बाकी आपलं काम म्हणजे बरीचशी खेटे घालण्याची हमाली. अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आली, पण प्रमाणपत्रासाठी आईची रोजची मजुरी बुडते ती बुडतेच. त्यासाठीच्या दोन तपासण्या एकाच दिवशी होतील एवढं बघितलंस, तरी ते मोठं काम आहे. ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मुख्याध्यापकांच्या खोलीत लावू नकोस. जिथे मुलं एकटी थांबतात, तिथे त्यांच्या उंचीला लाव.

आता गुपिताबद्दल, कारण वर लिहिलेलं वाचून तू उलट्या टोकाला जाशील. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन कोणत्याच मुलाला देऊ नकोस. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर ते पोलिसांना कळवणं २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. न कळवणं हा गुन्हा आहे. वचन देऊन मोडलंस, तर ते मूल पुन्हा कुठल्याच मोठ्या माणसाजवळ तोंड उघडणार नाही. म्हणून पहिल्याच भेटीत, त्याने काही सांगायच्या आधी, सरळ बोल: ‘तुझं बोलणं मी गावभर करणार नाही. पण तुला कुणी इजा करत असेल, किंवा तूच स्वतःला करून घेशील असं वाटलं, तर ज्याची मदत लागेल त्याला सांगेन. आणि त्याआधी तुला सांगेन.’

काही मुलं यावर गप्प होतात. जबरदस्तीने बोलतं करू नकोस. पुढच्या आठवड्यात त्याच वारी, त्याच वेळी पुन्हा जा.

सुधारलेला मसुदा शुक्रवारपर्यंत पाठव.

तुझी,
सुमनमावशी