रंगाचा मुहूर्त दिवाळीचा नको

घराला आपल्या हाताने रंग द्यावा, पडदे आणि उशांचे अभ्रे घरीच शिवावेत, असे माझे ठाम मत आहे. पण हे काम दिवाळीच्या तोंडावर काढू नये, हेही मी तितक्याच ठामपणे सांगते. पहिल्यांदाच ब्रश हातात घेतलेल्या माणसाचा रंग वर्षभरात सुटू लागला की तो स्वतःच्या हाताला दोष देतो, नाहीतर रंग हलका निघाला म्हणतो. खरे कारण बहुतेक वेळा भिंतीत मुरलेले पाणी असते. मुंबईतून मोसमी पाऊस माघारी जाण्याची सरासरी तारीख 8 ऑक्टोबर आहे. 2025 साली लक्ष्मीपूजन 21 ऑक्टोबरला आले. चार महिने पाऊस झेललेली नऊ इंची बाहेरची भिंत एवढ्या थोड्या दिवसांत आतून वाळत नाही. हात लावला तर कोरडी लागते, आणि तिथेच फसगत होते. पाऊस कमी असलेल्या भागात ही अडचण सौम्य असेल, पण कोकणपट्टीत आणि मुंबई-ठाण्यात तिच्यापासून सुटका नाही.

यावर नेहमी येणारा आक्षेप असा, की जुन्या पिढ्या दिवाळीच्या आधीच भिंती रंगवत आणि त्यांचे काही बिघडत नसे. हे खरेच आहे, फक्त ते लावत होते चुना. चुन्याच्या थरातून भिंतीतली वाफ बाहेर जाऊ शकते. शिवाय चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो आणि त्यासाठी त्याला थोडी ओल हवीच असते. पावसाळ्यानंतरची दमट भिंत चुन्याला मानवत होती. जे काही झडे ते पुढच्या वर्षी झाडून पुन्हा हात मारला जाई. आजचा ॲक्रिलिक इमल्शन भिंतीवर पातळ पापुद्र्यासारखा बसतो. विटा आणि सिमेंटमधले क्षार पाण्यात विरघळून पृष्ठभागाकडे येतात, पाणी उडून गेल्यावर त्यांचे स्फटिक होतात आणि ते पापुद्र्याला मागून ढकलतात. आधी फुगवटे, मग पोपडे, आणि पोपड्याखाली पांढरी भुकटी. रंग बदलला, पण त्याचा मुहूर्त आपण बदलला नाही. सारी गडबड इथे आहे.

दुसरा आक्षेप बाजाराचा: आता ओल रोखणारे लेप मिळतात, मग वाट कशाला पाहायची? पण आतल्या बाजूने लावलेला लेप पाण्याचा उगम बंद करत नाही. पाणी गच्चीच्या भेगेतून, खिडकीच्या सज्ज्यावरून किंवा शेजारच्या न्हाणीघरातून येत असेल, तर ते लेपाच्या कडेने दुसरीकडे वाट काढते. आधी उगम शोधावा, मग भिंत वाळू द्यावी, मगच पुट्टी आणि प्रायमर. भिंत वाळली की नाही हे पाहायला उपकरणही लागत नाही. दीड फूट चौरस प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट बसवा आणि एक अख्खा दिवस राहू द्या. प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला दव धरले, तर रंगाचा डबा उघडू नका.

घाईचा आणखी एक धोका जुना रंग काढताना असतो आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. भारतात घरगुती रंगांतल्या शिशाचे प्रमाण दहा लाखांत 90 भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम 2016 साली झाले आणि ते नोव्हेंबर 2017 पासून लागू झाले. त्याआधी दारे, चौकटी, खिडक्यांचे गज यांना लावलेल्या ऑइलपेंटमध्ये शिसे असू शकते. असा थर कोरडाच घासला तर धूळ घरभर पसरते, आणि शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला अपाय करते. म्हणून पृष्ठभाग ओला करून पाण्यात चालणाऱ्या पॉलिश पेपरने घासावा, तोंडावर धुळीचा चांगला मास्क असावा, खोलीतली भांडी आणि कपडे हलवावेत, आणि मुले व गरोदर बाई त्या काळात त्या घरात नसावीत. सणाच्या आठवड्यात, पाहुण्यांच्या वर्दळीत, यातले काहीच नीट पाळले जात नाही.

शिवणकामाला भिंतीइतका काळ लागत नाही, पण घाईने तेही बिघडते. सुती कापड, त्यातही मांजरपाट आणि हातमागाचे कापड, पहिल्या धुण्यात आटते. शेकडा पाच जरी आटले तरी सात फुटी पडदा चार इंचांनी आखूड होतो, आणि आखूड पडदा लांब करता येत नाही. म्हणून कापड विकत घेतल्यावर पुढे जसे धुणार तसेच आधी धुवून, वाळवून, इस्त्री करून मगच कापावे. अस्तरही वेगळे धुवावे; बाहेरचे कापड आणि अस्तर कमीजास्त आटले तर शिवणीला चुण्या पडतात. मिठाच्या पाण्यात बुडवून कच्चा रंग पक्का होतो ही समजूत सोडून द्या. ओल्या पांढऱ्या फडक्याने कापड घासून पाहा, डाग उमटला तर ते फिकट सोफ्यावर वापरू नका. पडद्याची रुंदी खिडकीच्या दीडपट ते दुप्पट धरा आणि खालची दुमड तीन-चार इंचांची ठेवा.

सणाची तारीख नसेल तर काम कधीच होत नाही, असेही म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. माणसाला मुदत लागते. मग ती गुढीपाडव्याची धरा. फेब्रुवारी-मार्चमध्ये हवा कोरडी असते, भिंतींना पावसानंतर चार-पाच महिने मिळालेले असतात, आणि दिवाळीआधीच्या मागणीत न मिळणारा मदतीचा माणूसही तेव्हा मोकळा असतो. यंदाच्या दिवाळीला पडदे आणि अभ्रे नवे करा, घरातली ओल नसलेली एखादी आतली भिंत रंगवा. बाहेरच्या भिंतींना मात्र पाडव्यापर्यंत वाळू द्या.