जन्माचे गुण, हाताचे गुण

तेलंगणातल्या निर्मलमध्ये आमच्या घरी रविवारी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या भूमिका वठवण्याच्या खेळाचा डाव बसतो. डीएम, म्हणजे डाव चालवणारा, मी; खेळणारी पोरं मराठी-तेलुगू मिसळून बोलतात. कॅरेक्टर बनवताना एक वाद हमखास निघतो: एल्फ, ड्वार्फ, ऑर्क अशा काल्पनिक कुळांचे जादा गुण जन्मावरून ठरलेले असावेत, की खेळणाऱ्याने हवे तिथे लावावेत? डाव चालवता चालवता जे पटलं, ते सांगतो.

१. आधी हिशेब समजून घ्या. २०१४च्या नियमपुस्तकात नोमला बुद्धीत दोन गुण जादा, हाफ-ऑर्कला ताकदीत. दोघांनाही विझार्ड (बुद्धीच्या जोरावर मंत्र चालवणारा जादूगार) व्हायचंय आणि दोघांनीही बुद्धीला १५ गुण दिले, तर नोमचे १७ होतात. फासा टाकल्यावर नोम त्यात ३ मिळवतो, हाफ-ऑर्क २. वीस बाजूंच्या फाशावर एकाचा फरक म्हणजे शंभरात पाच. आकडा लहान, पण तो जवळपास प्रत्येक मंत्राला आडवा येतो. मग हाफ-ऑर्क विझार्ड कुणी घेतच नाही.

२. कौशल्य कुठून येतं ते आमच्या गावात दिसतं. निर्मलची खेळणी करणारे नकाशी कारागीर पोनिकीचं हलकं, मऊ लाकूड कोरतात. चिंचोक्याच्या खळीत लाकडाचा भुसा कालवून तुकडे जोडतात, सांधे बुजवतात, वरून पांढऱ्या मातीचा हात देतात आणि मग रंग. बघणारे म्हणतात, “यांच्या रक्तातच आहे.” रक्तात असतं तर पोराला शेजारी बसवून खळ किती घट्ट हवी हे दाखवावं लागलं नसतं.

३. जन्मावरून लायकी ठरवण्याचे परिणाम आपल्या लोकांनी खऱ्या आयुष्यात भोगले आहेत. इंग्रजांनी काही जातींना ‘लढवय्या’ ठरवलं आणि १८९०च्या दशकात महारांची सैन्यभरती बंद केली. ज्यांचे पूर्वज १८१८ साली कोरेगावला इंग्रजांच्याच बाजूने लढले होते, त्यांची. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडलं. खेळ हा खेळच, हे मान्य. तरी बारा वर्षांच्या मुलासमोर “अमुक कुळातला म्हणून मंद” असा नियम ठेवायला माझं मन धजत नाही.

४. सगळंच मोकळं सोडलं तरी पंचाईत होते. २०२०च्या ‘टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग’ या पुरवणी पुस्तकाने गुण हवे तिथे हलवायची मुभा दिली. पण मग ड्वार्फ आणि एल्फ यांच्यात नावापुरताच फरक उरतो, ही जुन्या खेळाडूंची तक्रार रास्त आहे. म्हणून अंधारात दिसणं, ड्वार्फने विष पचवणं, एल्फचं शेकडो वर्षांचं आयुष्य हे शरीराचे धर्म मी जन्माकडेच ठेवतो. हुशारी आणि हातोटी तिथे बांधत नाही.

५. २०२४च्या नियमपुस्तकाची वाट मला सर्वांत पटते. त्यात जादा गुण पूर्वायुष्यावरून मिळतात: कारागीर म्हणून वाढलेल्याला ताकद, चपळाई आणि बुद्धी यांतून निवड करता येते. नियम ऐकल्यावर आमच्या टेबलावरच्या एका मुलीने लगेच खेळणी बनवणारी ऑर्क लिहून काढली.

घरी नवा डाव मांडणार असाल, तर मुलांना कॅरेक्टरचं कूळ विचारण्याआधी ते कुठे वाढलं आणि कुणाच्या हाताखाली शिकलं ते विचारा. गुण त्यानंतर वाटा.