दाव्याचे लेखन : नेटके व नेमके

खोडदच्या शेतकऱ्याचा बांधाचा वाद जुन्नरच्या दिवाणी न्यायालयात जातो, तेव्हा न्यायाधीशांसमोर शेत नसते. असतो तो कागद. म्हणूनच विधी महाविद्यालयांत मसुदालेखन हा अनिवार्य विषय आहे.

दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील आदेश ६, नियम २ सांगतो : महत्त्वाची तथ्येच थोडक्यात, क्रमांकित परिच्छेदांत मांडावीत, पुरावा त्यात घालू नये, तारखा व रकमा अंकी आणि अक्षरी द्याव्यात. आदेश ७, नियम ३ नुसार जमिनीची ओळख पटावी म्हणून चतुःसीमा किंवा भूमापन क्रमांक नमूद करावा लागतो.

२१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेने, काही अपवाद वगळता, राज्यातील कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी ठरली. मसुदा पक्षकाराला वाचून दाखवावा. सत्यापनाखाली सही त्यालाच करावयाची असते.